बाईची लग्नं मोजणारे

आज सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक रील आलं. बडोद्याच्या महाराणी सीतादेवी. गळ्यात मोत्यांचे सर, अंगावर भारी साडी, मागे कसलंतरी सॅक्सोफोन वाजतंय आणि वर मोठ्या अक्षरात 'दोन लग्नं, एक धर्मांतर आणि अख्खा खजिना'. इथपर्यंत ठीक आहे, रीलवाल्यांचं पोट त्यावर चालतं. पण त्याखाली माझ्या चुलतभावाने लिहिलं, "असल्या बायका दोन्ही घरं बुडवतात." आणि पुढे हात जोडलेला इमोजी. मग धडाधड अंगठे. एका वहिनीने तर 'अगदी खरं भाऊजी' असं टाइप करायचेही कष्ट घेतले.

त्याच ग्रुपवर आमची आत्या आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, चष्मा लावून प्रत्येक मेसेज वाचते, गुड मॉर्निंगच्या फुलांनासुद्धा उत्तर देते. आणि आमच्या आत्याची दोन लग्नं झालेली आहेत. हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहिती आहे. आणि ज्याने हे लिहिलं त्याच्या डिप्लोमाची फी आत्याने भरलेली आहे, हेही प्रत्येकाला माहिती आहे, त्याला स्वतःला तर नक्कीच.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही कारण तिथे लिहिलं की आत्यालाच ओशाळं होणार. म्हणून इथे लिहितेय. मोठं होणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा.

आता ही सीतादेवी कोण ते आधी सांगते, कारण रीलमध्ये दागिने सोडून दुसरं काही नव्हतं. आंध्रातल्या पिठापुरमच्या राजाची मुलगी, जन्म १९१७. लग्न वुय्यूरुच्या जमीनदाराशी. १९४३ साली मद्रासच्या रेसकोर्सवर तिला बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड भेटले. सयाजीरावांचे नातू. घोड्यांचे एवढे वेडे की त्याच १९४३ साली आपल्या महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली ती यांच्याच प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीने जिंकली. तर हे दोघं भेटले आणि प्रेमात पडले. तिला नवरा होता. त्यांना बायको होती आणि आठ मुलं होती. आठ!

रीलमध्ये हा आठ आकडा कुठेच नाही. तिची दोन लग्नं मोजली, त्यांचं दुसरं कुणी मोजलंच नाही. काय गंमत आहे नाही? लग्न एकच, दोघांनी मिळून केलेलं, पण ते तिच्या खात्यात दुसरं आणि त्यांच्या खात्यात नुसता महाराजांचा शौक.

आमच्या आत्याचंही तेच. ती गिरगावातल्या आमच्या चाळीत परत आली तेव्हा मी लहान होते, पण ते गॅलरीतून बघणारे चेहरे मला अजून आठवतात. काही विचारत नव्हते, फक्त बादली भरायला नळावर जरा जास्त वेळ उभे राहत होते. तिच्या नवऱ्याचा हात उठायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी "थोडं सांभाळून घ्यायला हवं होतं" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की लहानपणी मला वाटायचं 'सांभाळून घेणं' हे बायकांच्या शाळेत शिकवतात. पुढे घटस्फोट झाल्यावर त्या माणसाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. आमच्याच नात्यातले लोक जाऊन श्रीखंड-पुरी खाऊन आले, आणि येऊन सांगितलंही की बेत छान होता. त्याला कुणी कधी 'दोन लग्नांचा' म्हटलं नाही. आत्याला मात्र आजही कुणी ओळख करून देताना आवाज थोडा खाली नेतात.

बरं, धर्मांतरावर येऊ. यावर तर कमेंटमध्ये नुसता धुरळा होता. अरे पण ते का केलं ते तरी विचारा. १९४३ साली मद्रास प्रांतात हिंदू बाईला घटस्फोट ही सोयच नव्हती. नवरा कसाही असो, एकदा सप्तपदी झाली की संपलं. पुरुषाला गरजच नव्हती घटस्फोटाची, त्याला एकावर एक करता येत होती. मग वकिलांनी एक पळवाट काढलेली होती, बाईने मुसलमान व्हायचं, नवऱ्यालाही हो म्हणायचं, तो नाही म्हणाला की कोर्टातून लग्न मोडून घ्यायचं. सीतादेवीने तेच केलं, आणि मग आर्य समाजाच्या पद्धतीने परत हिंदू होऊन गायकवाडांशी लग्न केलं. हे धर्माशी खेळणं होतं का? हो, होतं. मान्य. पण दार एकच उघडं ठेवलंत आणि मग त्या दारातून गेली म्हणून बोंब मारता, हे कुठलं?

आणि यातली खरी मेख तर पुढे आहे. ज्या बडोद्याच्या राजाशी तिने लग्न केलं त्या बडोद्यात १९३१ सालीच हिंदूंना घटस्फोटाचा कायदा झालेला होता. सयाजीरावांनी केलेला. आपल्या मुंबई प्रांतात तो यायला १९४७ उजाडलं आणि अख्ख्या देशात १९५५. सयाजीराव म्हणजे ज्यांनी १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी घातली, १९०६ मध्ये मुलींसकट सगळ्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. एवढा पुढचा विचार करणारं संस्थान. आणि त्याच बडोद्यात पहिली बायको असताना दुसरी करायला कायद्याने मनाई होती. आता विचार करा, हा कायदा मोडला कुणी? सीतादेवीने? ती तर रीतसर (पळवाटेने का होईना) आधीचं लग्न मोडून आली होती. मोडला तो महाराजांनी, स्वतःच्या आजोबांच्या राज्यातला कायदा. इंग्रजांनी विचारलं तेव्हा उत्तर काय दिलं, की कायदा प्रजेला आहे, राजाला नाही.

हे वाचून मी सकाळीच एकटी हसले, कारण हे वाक्य मी ऐकलंय. राजाकडून नाही, आत्याच्या सासऱ्यांकडून. शब्द वेगळे होते पण भाव तोच, की आमच्या घरात असं चालतं.

इंग्रजांनी तरी काय केलं? महाराजांना तोंडी समज दिली असेल, बाकी काही नाही. शिक्षा कुणाला, तर तिला. तिला 'हर हायनेस' म्हणायचं नाही असं ठरवलं. म्हणजे राजाने कायदा मोडला आणि पदवी राणीची गेली.

आणि हे वाचा, मला तर हे फार भारी वाटलं. १९४५ साली याच प्रतापसिंहरावांनी इंग्लंडमध्ये एक शिंगरू विकत घेतलं, अठ्ठावीस हजार गिनींना, तेव्हाची विक्रमी किंमत. त्याचं नाव ठेवलं 'सयाजीराव'. त्याच वर्षी सीतादेवीला मुलगा झाला, त्याचंही नाव सयाजीराव. आजोबांचा कायदा गुंडाळून ठेवला आणि आजोबांचं नाव घोड्याला दिलं. घोडा मात्र चांगला निघाला, १९४७ ची सेंट लेजर ही इंग्लंडमधली मोठी शर्यत जिंकला. त्याने तरी नाव राखलं.

आता दागिने. इथे माझी मैत्रीण लगेच फोन करणार, म्हणून आधीच सांगते. हो, दागिने तिचे नव्हते. बडोद्याच्या खजिन्यातले होते, म्हणजे शेवटी तिथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातले होते. ती मोनॅकोत जाऊन राहिली आणि बडोद्याचा एकेक नग तिकडे पोचला. खंडेराव महाराजांनी केलेली ती मोत्यांची चादर, लाखो मोती नुसते गुंफलेले, ती पण गेली. २००९ साली दोह्याला लिलावात साडेपाच कोटी... नाही नाही, साडेपाच मिलियन डॉलरला गेली, तेव्हाचे रुपयांत पंचवीस कोटींच्या वर होतात. 'स्टार ऑफ द साउथ' हिरा गेला. वाईट वाटतं की नाही? वाटतं. बाई काही संत नव्हती. चैनी होती, हव्यास होता, आणि मिरवायची भयंकर हौस होती. ते पायातल्या तोड्यांचं तर प्रसिद्धच आहे. तिने तिचे पाचूचे तोडे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनला विकले, त्याने त्याचा हार केला, तो डचेस ऑफ विंडसरने घेतला आणि १९५७ साली एका पार्टीत घालून आली, सगळे वाहवा करतायत, तेवढ्यात ही म्हणाली की माझ्या पायातही ते असेच शोभायचे. डचेसने हार परत केला म्हणतात. दुष्टपणा आहे, पण मला वाचून मजा आली, खोटं कशाला बोलू.

पण तिजोरीची किल्ली कुणाकडे होती हो? बडोद्याचा राजा कोण होता? त्या खजिन्यातून महाराजांनी स्वतः वारेमाप उचल केली हे हिशेब तपासायला माणसं बसली तेव्हा बाहेर आलं. १९४९ च्या मे महिन्यात बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे बडोदेकर काही काळ आपलेच, आणि १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांना महाराज म्हणून मान्यताच काढून घेतली. एवढं सगळं होऊनही रीलमध्ये 'खजिना लुटणारी राणी'. राजा बिचारा भुलला! पस्तिशीचा, आठ पोरांचा बाप, संस्थानचा धनी, आणि भुलला! आपल्याकडे पुरुष सतत भुलत असतात, घरं मात्र बायका बुडवतात.

(त्यांनी चांगलं काहीच केलं नाही असं नाही. बडोद्याची महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी १९४९ साली त्यांच्यामुळे उभी राहिली. हे लिहिलं नाही तर बडोद्याचे मित्र माझं डोकं खातील. लिहिलं.)

तिला 'भारताची वॉलिस सिम्पसन' म्हणतात. वॉलिस म्हणजे तीच वरची डचेस ऑफ विंडसर, तिच्यासाठी निदान इंग्लंडच्या एडवर्ड राजाने गादी सोडली होती. मग प्रतापसिंहरावांना 'भारताचा एडवर्ड' का नाही म्हणत कुणी? कारण यांनी काही सोडलंच नव्हतं. गादी पण हवी, घोडे पण, पहिली राणी बडोद्यात, दुसरी मोनॅकोत.

दागिन्यांवरून मला परत आत्याकडे यायचंय. आत्याचा नवरा घटस्फोट द्यायला तयारच नव्हता. १९७६ साली कायदा बदलला आणि दोघांच्या संमतीने घटस्फोट मिळायला लागला, पण संमती म्हणजे त्याची पण सही हवी ना. तो सही करेना. कोर्टाच्या तारखांना आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्युटी बदलून घेऊन फोर्टात जायची, आजोबा सोबत छत्री घेऊन. शेवटी तिकडून निरोप आला, सगळं सोनं परत करा मग बघू. सगळं म्हणजे त्यांनी घातलेलं तर दिलंच, पण आत्याच्या आईने, म्हणजे आमच्या आजीने, स्वतःच्या हातातल्या काढून दिलेल्या पाटल्या, त्यासुद्धा. त्या आमच्या घरच्या होत्या. आत्याने दिल्या. पाटल्या गेल्या तेव्हा सही झाली.

म्हणून सकाळपासून माझं डोकं फिरलंय. एक बाई सगळं घेऊन गेली, दुसरी सगळं देऊन आली, आणि दोघींच्या वाट्याला बोलणं एकच. मग प्रश्न सोन्याचा नव्हताच ना. संस्काराचा नव्हता, खजिन्याचा नव्हता, धर्माचा तर अजिबात नव्हता. बाई एका घरातून उठली आणि दुसऱ्या घरात जाऊन सुखाने बसली, तेवढंच खुपतं. नुसती उठली असती आणि माहेरी कोपऱ्यात वाती वळत बसली असती तर 'बिचारी' म्हणून दर संक्रांतीला तिळगूळ पाठवला असता सगळ्यांनी.

आत्याने तसं केलं नाही. ऑफिसातल्याच एका विधुर माणसाशी लग्न केलं. आमचे काका. इतका साधा, हसरा माणूस की विचारू नका, त्यांच्या पहिल्या मुलीला आत्यानेच वाढवलं आणि ती आजही आत्याला आई म्हणते. आणि माझ्या लग्नात, घाणा भरायच्या वेळी, आत्याने मुसळाला हात लावला तर आमच्या एका काकूंनी तो हळूच काढून घेतला. "सवाष्ण पाहिजे गं, म्हणजे... पहिल्या लग्नाची." मी पाटावर बसलेली, अंगाला हळद. आत्या हसली, "अगं मला काय, चहा बघते" म्हणाली आणि आत गेली. काका बाहेर हॉलमध्ये खुर्च्या लावत होते. धडधाकट जिवंत माणूस! त्याची बायको सवाष्ण नाही म्हणे!!

त्या काकू आता नाहीत, त्यांच्यावर राग धरून काय करू. पण त्यांचाच मुलगा आज 'दोन्ही घरं बुडवतात' लिहितो तेव्हा समजतं की वारसा फक्त फ्लॅटचा नसतो.

अजून एक. याच ग्रुपवर मध्यंतरी इंदिराराजेंचा फोटो फिरला होता. सयाजीरावांची मुलगी, कुचबिहारची महाराणी, गायत्रीदेवींची आई. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी लग्न ठरलेलं होतं, तिथेही आधीची राणी होतीच, आणि १९११ च्या दिल्ली दरबारात हिला कुचबिहारचा जितेंद्र भेटला. हिने परस्पर ग्वाल्हेरला पत्र पाठवून नकार कळवला. आईवडील संतापले, तरी १९१३ साली लंडनला जाऊन लग्न केलंच, आणि त्या लग्नाला आईवडील नव्हते. पुढे नवरा १९२२ सालीच गेला, पण पाच पोरं आणि संस्थान दोन्ही सांभाळलं तिने, शिफॉनच्या साड्या फॅशनमध्ये आणल्या, फेरागामोकडून ढिगाने चपला करवून घेतल्या, जुगाराचीही आवड होती. तिच्या फोटोखाली आमच्या याच मंडळींनी लिहिलं होतं, 'मराठी बाणा', 'रणरागिणी', 'काळाच्या पुढची स्त्री'. मलाही आवडतात इंदिराराजे, प्रश्नच नाही. पण ती आपली मुलगी म्हणून रणरागिणी, आणि तिच्याच भाच्याची बायको परक्या मुलखातली म्हणून घरबुडवी?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आणि शांतादेवींची आठवण आली. पहिल्या महाराणी. कोल्हापूरकडच्या हसूरच्या. आठही मुलं त्यांची. नवरा दुसरी करून परदेशात राहिला, या बडोद्यात राहिल्या. थोरला मुलगा फत्तेसिंहराव गादीवर आला, पुढे क्रिकेट बोर्डाचा अध्यक्ष झाला. शांतादेवींवर कुणी रील करत नाही. मला खरं सांगायचं तर सीतादेवीची बाजू घेताना या बाईचं तोंड डोळ्यांपुढे येतं आणि मी जरा गप्प होते. कारण त्यांच्या घरात जे झालं ते झालंच, त्याला काही मी प्रेमकहाणी म्हणणार नाही. सीतादेवीला माहिती होतं की तिथे एक बायको आहे. हे तिच्या बाजूने काही केल्या पुसता येत नाही. पण गंमत बघा, आमच्या ग्रुपवर सीतादेवीला शिव्या देणाऱ्या एकालाही शांतादेवींचं नाव माहिती नव्हतं. म्हणजे कळवळा पहिलीचाही नाहीच.

शेवटी तिचं तरी काय झालं. १९५६ साली गायकवाडांशीही घटस्फोट झाला. मुलगा, ज्याला सगळे प्रिन्सी म्हणायचे, १९८५ मध्ये गेला, ऐन चाळिशीत. त्याआधीच दागिने एकेक करून विकायला लागले होते, १९७४ ला मोनॅकोत लिलाव झाला. १९८९ साली पॅरिसमध्ये गेली. घटस्फोटानंतरही स्वतःला बडोद्याची महाराणीच म्हणवत राहिली म्हणतात, ज्या पदवीसाठी इंग्रजांनी नाक मुरडलं तीच धरून बसली. कीव येते आणि रागही येतो. अगं सोड ना ती पदवी, तुझं स्वतःचं नाव काय वाईट होतं.

तर, ज्यांना खाली 'तुलना चुकीची आहे, कुठे महाराणी कुठे आपली मध्यमवर्गीय माणसं' असं लिहायचंय त्यांनी लिहा, तुलना चुकीची आहे हे मलाही कळतं. आत्याने कधी कुणाचं घेतलं नाही आणि कुणाचा नवरा तर नाहीच. दोघींमध्ये काही सारखं नाहीये. तेच तर म्हणतेय, काही म्हणजे काहीच सारखं नसताना तुम्हाला दोघींना लावायला वाक्य एकच कसं सापडतं?

आणि भाऊसाहेब, तुम्ही हे वाचणार हे माहितीये, तुम्ही माझ्या सगळ्या पोस्ट वाचता आणि लाइक करत नाही. मला फोन करू नका. आत्याला करा. काका गेल्यापासून ती दुपारी एकटीच असते, दोन ते चार झोपते, त्यानंतर करा.